पडद्यावरचा मजकूर, दप्तरातला कागद

जिल्हा नियोजन समितीची बैठक असो, महाविद्यालयात ‘नॅक’ची तपासणी समिती आलेली असो, रुग्णालयातील डॉक्टरांची साप्ताहिक चर्चा असो, किंवा हिंजवडीतल्या एखाद्या कंपनीने परदेशस्थ ग्राहकापुढे ठेवावयाचा प्रस्ताव असो, आज आपल्याकडे कोणताही विषय पडद्यावर उमटल्याखेरीज तो रीतसर मांडला गेला असे कोणी मानीत नाही. ‘पीपीटी झाली का?’ हा प्रश्न लिपिकापासून सचिवापर्यंत सर्वांच्या तोंडी रुळला आहे. एमएस-सीआयटीच्या वर्गात बसलेल्या खेड्यातल्या मुलामुलींना पत्र आणि तक्ता यांच्या जोडीने स्लाइड रचण्याचेही शिक्षण मिळते. आणि नोकरीच्या आरंभीच ज्याच्या हाती वरिष्ठांची पीपीटी सोपवली गेली नाही असा पदवीधर आता विरळा. इतके सर्वव्यापी झालेले आणि माणसांच्या निर्णयांवर इतका परिणाम करणारे हे साधन गंभीर विचाराचा विषय व्हावयास हवे, असे मला पुष्कळ दिवसांपासून वाटत आले आहे.

ते नित्य वापरणाऱ्यांचे मत काय, हे जाणून घ्यावे म्हणून मी प्राध्यापक, अभियंते, शासकीय अधिकारी, सल्लागार, डॉक्टर आणि या सर्वांसाठी मागे बसून राबणारे लिपिक व ऑपरेटर यांना विचारीत गेलो, तेव्हा प्रथम हाती आली ती परस्परविरोधी मतांची गर्दी. जी सोय एकाने वाखाणावी तीच दुसऱ्याने दोष म्हणून पुढे ठेवावी, एकाला जे साधन प्राणप्रिय त्याचे दुसऱ्याने नावही काढू नये, असा प्रकार. परंतु विचारपूस जसजशी वाढत गेली तसतसे ध्यानात येऊ लागले की, या मतभेदाचे मूळ आज्ञावलीत थोडे आणि मत देणारा मनुष्य त्या सभागृहात कोठे बसलेला असतो यात अधिक आहे. उभा राहून बोलणारा, समोर बसून ऐकणारा, आदल्या रात्री ती पाने रचणारा, आणि सहा महिन्यांनी तीच फाइल उघडून ‘त्या दिवशी नेमके काय ठरले होते’ याचा शोध घेणारा, या चौघांच्या गरजा एकमेकींशी जुळत नाहीत. आणि एकच फाइल चौघांच्या उपयोगी पडावी असा आग्रह आपण धरून बसलो आहोत. माझा स्वतःचा कल या चौथ्याच्या बाजूला आहे. तो बैठकीला हजर नसतो, त्याला कोणी मत विचारीत नाही, आणि झालेल्या चुकीची किंमत मात्र पुष्कळदा त्याच्याच वाट्याला येते.

या साधनाचा जन्म झाला तो बोलणाराच्या गरजेतून. १९८०च्या दशकात सभेपुढे काही दाखवावयाचे म्हटले म्हणजे दोन मार्ग असत. एक, ३५ मिलिमीटरच्या रंगीत स्लाइड्स, ज्या एखाद्या स्टुडिओतून करवून घ्याव्या लागत, ज्यांना दिवस आणि पैसा दोन्ही लागत, आणि ज्यांत शेवटच्या क्षणी एक अक्षर बदलावयाचे तरी सर्व खटाटोप नव्याने करावा लागे. दुसरा, ओव्हरहेड प्रोजेक्टरवर ठेवावयाच्या पारदर्शिका, ज्यांवर रंगीत पेनाने हाताने लिहिता येई. आपल्याकडे ‘ओएचपी’ या नावाने हे यंत्र पुढे कित्येक वर्षे महाविद्यालयांतून नांदत होते, आणि त्याच्या दिव्याच्या उष्णतेने वाकणाऱ्या त्या पारदर्शिका सावरीत शिकवणारे प्राध्यापक आज साठीच्या पुढे असलेल्या वाचकांना सहज आठवतील. कॅलिफोर्नियातील सनीव्हेल येथल्या फोरथॉट या छोट्या कंपनीत काम करणाऱ्या रॉबर्ट गॅस्किन्स यांनी १४ ऑगस्ट १९८४ रोजी दोन पानांचे एक टिपण तयार केले, आणि बोलणाराने आपली पारदर्शिका आपणच, आपल्या मेजावरच्या संगणकावर, चित्रकाराच्या वा सचिवाच्या मदतीवाचून तयार करावी, अशी कल्पना त्यात मांडली. डेनिस ऑस्टिन आणि टॉमस रुडकिन यांनी ती प्रत्यक्षात आणली. ‘प्रेझेंटर’ हे योजलेले नाव कायद्याच्या अडचणीमुळे सोडावे लागून ‘पॉवरपॉइंट’ हे नाव पडले, आणि २० एप्रिल १९८७ रोजी मॅकिंटॉश संगणकासाठी पहिली आवृत्ती बाजारात आली. ती कृष्णधवल होती. तिच्यातून पाने छापून त्यांच्या पारदर्शिका करावयाच्या, एवढीच तिची मजल. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने १ कोटी ४० लाख डॉलर रोख मोजून सबंध कंपनी विकत घेतली. १९९० मध्ये विंडोजसाठी आवृत्ती आली, १९९२च्या आवृत्तीपासून संगणकातून थेट पडद्यावर चित्र पाठवण्याची सोय झाली, आणि मग या साधनाच्या प्रसाराला सीमा उरली नाही.

या इतिहासातील एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. हेच साधन विकसित करावे हे पटवून देण्यासाठी गॅस्किन्स यांनी जी व्यवसाययोजना लिहिली ती ५३ पानांची, सलग युक्तिवाद करणारी होती, आणि तिच्याबरोबरच्या सुमारे डझनभर स्लाइड्स या केवळ तिच्यातील ठळक मुद्दे दाखवण्यापुरत्या होत्या. पुढे २००७ मध्ये, पॉवरपॉइंटला वीस वर्षे झाली त्या निमित्ताने, गॅस्किन्स आणि ऑस्टिन या दोघांनीही जी खंत बोलून दाखवली तिचा आशय हाच होता की, पडद्यावरचा मजकूर हा अधिक विस्ताराने विचार करून लिहिलेल्या एखाद्या लेखाचा सारांश असावयाचा, असे त्यांनी गृहीत धरले होते. पुढे लेख लिहावयाचे राहून गेले आणि सारांश तेवढा उरला. निर्मात्यांच्या या साक्षीपुढे आजच्या वापरणाऱ्यांच्या पुष्कळशा तक्रारी ठेवून पाहिल्या, तर त्यांतील बहुतेक तक्रारींचा उगम येथेच सापडतो.

या तक्रारींतील सर्वांत गंभीर तक्रार ज्या प्रसंगातून जगापुढे आली, त्याच्याशी एका भारतीय कन्येचे नाव कायमचे जोडले गेले आहे. १६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया हे अवकाशयान उडाले, आणि उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी बाहेरच्या इंधनटाकीवरील फेसाच्या आवरणाचा एक तुकडा निखळून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यानात सात अंतराळवीर होते, त्यांत कर्नालच्या कल्पना चावला. यान कक्षेत फिरत असतानाच बोइंगच्या अभियंत्यांनी या आघाताने किती नुकसान झाले असावे याचा अंदाज बांधला, आणि तो नासाच्या अधिकाऱ्यांपुढे स्लाइड्सच्या रूपाने मांडला. त्यांतील एक स्लाइड पुढे जगप्रसिद्ध झाली, आणि ती बारकाईने पाहण्यासारखी आहे. तिच्या मथळ्याचा एकंदर भाव असा होता की, चाचण्यांची माहिती तपासली असता अंदाज सावधगिरीच्या बाजूचाच ठरतो, म्हणजे वाचणाराने निर्धास्त व्हावे. मथळ्यासह तिच्यावर ११ तुटक वाक्ये होती, आणि ती एकाखाली एक, आत आत सरकत जाणाऱ्या सहा पायऱ्यांवर मांडलेली होती. अक्षराचा आकार पायरीगणिक लहान होत गेलेला. ‘लक्षणीय’ या अर्थाचा एकच इंग्रजी शब्द वा त्याचे रूप तिच्यात पाच वेळा आले होते, आणि दर वेळी त्यातून काय समजावयाचे ते निराळे होते. आणि सर्वांच्या तळाशी, लहान अक्षरांत, हे लिहिलेले होते की प्रत्यक्ष निखळलेल्या तुकड्याचे आकारमान १९२० घन इंच, आणि ज्या चाचण्यांच्या आधारावर अंदाज बांधला त्या चाचणीतल्या तुकड्याचे ३ घन इंच. म्हणजे खरा तुकडा चाचणीतल्याच्या ६४० पट मोठा! ज्या माहितीने मथळाच रद्द ठरावयास हवा होता, ती माहिती मथळ्याच्या सेवेत शेवटच्या ओळीत उभी होती.

१ फेब्रुवारी २००३ रोजी परतीच्या वाटेवर यान वातावरणात विदीर्ण झाले आणि सातही जण गेले. येल विद्यापीठातील संख्याशास्त्र आणि माहितीच्या दृश्य मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी या स्लाइडचे शब्दशः विच्छेदन केले; त्याच वर्षी ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झालेल्या चौकशी मंडळाच्या अहवालाने त्याची दखल घेतली, आणि शास्त्रशुद्ध लेखाच्या जागी स्लाइड्स वापरण्याची नासातील रूढी हे सदोष संज्ञापनाचे उदाहरण म्हणून नोंदवली. येथे न्याय्य बोलावयाचे तर हेही सांगितले पाहिजे की, अपघाताचे कारण ती स्लाइड नव्हे. फेस निखळण्याकडे वर्षानुवर्षे झालेले दुर्लक्ष, कक्षेतील यानाची छायाचित्रे मिळवण्याच्या विनंत्या पुढे न जाणे, आणि संस्थेच्या अंगी मुरलेली कार्यपद्धती, यांवर मंडळाने यथायोग्य ठपका ठेवला आहे. तथापि ती स्लाइड रचणारे अभियंते अडाणी नव्हते, आणि त्यांच्यापाशी सत्य होते, ही गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही. ते सत्य त्यांनी लिहिलेही होते. ज्या साच्यात ते ओतले गेले त्या साच्यात ‘परंतु’ला, ‘जर’ला, ‘म्हणून’ला जागा नव्हती. आपल्या सरकारी आदेशात कारणे संपून निर्णय सुरू होतो तेथे ‘सबब’ येतो, आणि त्या एका शब्दावर आधीची सारी कारणे आपला भार टाकतात. स्लाइडवर मुद्दे नुसते एकाखाली एक बसतात, त्यांतील कोणता कोणाचे कारण आणि कोणता कोणाचा अपवाद हे बोलणाराच्या तोंडी असते, आणि बोलणारा खोलीतून निघून गेला की त्याच्याबरोबर तेही जाते.

सल्लागार कंपन्यांत काम करणाऱ्या तरुण मंडळींपुढे ही तक्रार ठेवली, तर ती त्यांना मान्य होत नाही, आणि त्यांचे म्हणणे ऐकण्याजोगे आहे. त्यांच्या व्यवसायात स्लाइड हा बोलण्याचा आधार नसून तोच दस्तऐवज असतो. मथळ्याच्या जागी पूर्ण वाक्य लिहावयाचे, त्या वाक्याने एक निष्कर्ष सांगावयाचा, खालच्या आलेखाने तो सिद्ध करावयाचा, आणि तळाशी माहितीचे मूळ द्यावयाचे, ही शिस्त त्यांच्याकडे पहिल्या दिवसापासून शिकवली जाते. मॅकिन्सीत काम केलेल्या बार्बरा मिंटो यांनी रूढ केलेली, निष्कर्ष आधी आणि आधार त्याखाली अशी रचना हा त्या शिस्तीचा पाया. बर्लिनच्या थिंक-सेल या कंपनीने पॉवरपॉइंटला जोडण्यासाठी केलेले पूरक साधन, ज्याने गुंतागुंतीचे आलेख आणि कामाच्या मुदतींचे तक्ते भराभर काढता येतात, त्याच्यावाचून आपले काम चालणारच नाही असे या क्षेत्रातील लोक निःसंकोच सांगतात. पॉवरपॉइंटची त्यांची प्रशंसा ही खरे पाहता पान जुळवण्याच्या साधनाची प्रशंसा आहे, आणि तेवढ्यापुरती ती रास्त आहे. अडचण येते ती हीच घट्ट विणलेली, डोळ्यांजवळ धरून वाचावयाची पाने पुन्हा पडद्यावर टाकून सभेला दाखवली जातात तेव्हा. २००९ मध्ये काबूलमध्ये अमेरिकन सेनापती स्टॅनली मॅक्रिस्टल यांच्यापुढे अफगाण युद्धातील नानाविध घटकांचे परस्परसंबंध दाखवणारी, बाणांनी आणि रेषांनी खच्चून भरलेली जी स्लाइड ठेवली गेली, तिची पुढल्या वर्षी वृत्तपत्रांतून पुष्कळ चर्चा झाली. भिंतीवर मोठ्या कागदावर लावून तासभर अभ्यासावी अशी ती आकृती, मिनिटभराच्या दर्शनाला मुळीच योग्य नव्हती.

गणिती मंडळींचे मत सर्वांहून निराळे, आणि मला विचारले तर सर्वांत सुसंगत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत किंवा पुण्याच्या आयसरमध्ये एखादे गणिताचे व्याख्यान ऐकावयास जावे, तर एक तर फळा आणि खडू दिसेल, नाही तर बीमर. टिल टँटाऊ यांनी २००३च्या फेब्रुवारीत आपल्याच डॉक्टरेटच्या सादरीकरणासाठी लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीवर ही जोडणी उभारली. तिच्यात चित्रे हलवून ठेवावयाची नसतात. साध्या अक्षरांत मजकूर आणि आज्ञा लिहावयाच्या आणि यंत्राने त्यांची पीडीएफ करून द्यावयाची. समीकरण कितीही अवघड असो, ते छापील ग्रंथात शोभावे तसे उमटते. फाइल दहा वर्षांनी उघडली तरी तशीच दिसते. दुसऱ्याच्या संगणकावर नेली तरी अक्षर हलत नाही. जो वर्ग सिद्धतेच्या एका पायरीला हात लागू देत नाही त्याला हे अभय मोलाचे वाटते, यात नवल नाही. त्यांच्या तक्रारीही ते मोकळेपणी सांगतात: एखादी आकृती बोटभर उजवीकडे सरकवावयाची तर अर्धा तास जातो, चलच्चित्र घालणे त्रासाचे, आणि शहरांची नावे दिलेले जे तयार साचे आहेत, वॉर्सा, माद्रिद, बर्लिन, ते इतके वापरून झाले आहेत की परिषदेतली सर्व व्याख्याने एकाच घराण्यातली वाटतात. आणि तरीही यांतले कित्येक ज्येष्ठ अभ्यासक महत्त्वाची सिद्धता आली की यंत्र बंद करून खडूच हाती घेतात, कारण खडूचा वेग हा ऐकणाराच्या आकलनाच्या वेगाच्या जवळपास असतो.

ॲपलचे कीनोटही २००३ सालचेच; ते वापरणाऱ्या रचनाकारांना त्यातील अक्षरांचा आणि संक्रमणांचा नीटनेटकेपणा भावतो, परंतु बहुसंख्य कचेऱ्यांत मॅक नसल्यामुळे त्याचे चाहते अल्पसंख्य राहिले आहेत. २००७ पासून उपलब्ध झालेल्या गूगल स्लाइड्सची थोरवी एकाच गोष्टीत: चार गावचे चार जण एकाच फाइलीवर एकाच वेळी काम करू शकतात, आणि ‘शेवटची प्रत कोणाकडे’ हा वाद संपतो, इंटरनेट डळमळले की मात्र तिचे भक्तही हवालदिल होतात. बुडापेस्टच्या प्रेझीने २००९ मध्ये सबंध विषय एका विशाल पटावर मांडून त्यात जवळ जाण्याची व दूर येण्याची जी नवी रीत आणली, तिचे आरंभी कौतुक झाले, आणि पुढे त्या भिरभिरण्याने डोके गरगरते अशीही ओरड झाली. लिब्रेऑफिसचे इंप्रेस मोफत आणि खुले, म्हणून शाळांना आणि छोट्या संस्थांना ते मोठाच आधार. पण पॉवरपॉइंटमध्ये केलेली फाइल त्यात उघडली की चौकटी सरकतात, हे त्याचे जुने दुखणे. चेन्नईच्या झोहोचे शो हे साधन काही काळ फारसे चर्चेत नव्हते. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय माहिती-तंत्रज्ञान मंत्री अश्विनी वैष्णव यांनी आपण झोहोच्या साधनांकडे वळत असल्याचे जाहीर केल्यावर सरकारी कचेऱ्यांतून त्याची चौकशी सुरू झाली.

मराठीत काम करणाराच्या मताला आणखी एक पदर आहे, आणि त्याची दखल इंग्रजीतील चर्चांत कधीच घेतली जात नाही. तालुक्याच्या एका बैठकीत मी बसलो होतो. पीक-पाण्याचा आढावा होता; तरुण कृषी अधिकारी बाई कागद नीट लावून उभ्या राहिल्या, ऑपरेटरने त्यांची फाइल सभागृहातल्या लॅपटॉपवर उघडली, आणि पडद्यावर रोमन अक्षरांची, स्वल्पविरामांची आणि चित्रविचित्र चिन्हांची एक अगम्य रांग उमटली.

“मॅडम, ह्या मशीनवर आपला फॉण्ट टाकलेला नाहीये,” ऑपरेटर हळूच म्हणाला.

“अरे दादा, मग पीडीएफ तरी करून आणायची ना!”

“काल रात्री साहेबांनी परत बदल सांगितले, मॅडम. वेळच नाही मिळाला.”

पडद्यावर शाबूत राहिले होते ते फक्त आकडे. कोणते पीक, कोणते मंडळ, पेरणी की नुकसान, हे सांगणारे शब्द गेले होते आणि हेक्टरांच्या संख्या तेवढ्या आपल्या जागी उभ्या होत्या. बाईंनी पडद्याकडे पाठ केली, हातातल्या कागदावरून सर्व आढावा तोंडी सांगितला, आणि तो इतका स्वच्छ सांगितला की सरपंचांनी मधे थांबवून चांगले प्रश्न विचारले.

या आपत्तीचे कारण साधे आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी आपल्याकडचे मराठी फॉण्ट रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरी अक्षरांच्या आकृत्या बसवून चालत. संगणकाच्या लेखी तेथे ‘क’ नसून एखादे इंग्रजी अक्षरच असे, आणि फॉण्ट हजर असेपर्यंतच त्यावर ‘क’चा वेष राही. युनिकोडने देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला स्वतःचा क्रमांक दिला, विंडोज २००० बरोबर ‘मंगल’ हा फॉण्ट आला, आणि तत्त्वतः हा प्रश्न सुटला. परंतु कचेऱ्यांतील जुन्या फाइली, जुनी सवय आणि छापखान्यांची रीत यांमुळे त्याचे अवशेष अद्याप निघतात. युनिकोडमध्ये काम करणाऱ्यांच्या तक्रारी निराळ्या. इंग्रजीच्या मापाने आखलेल्या ओळीत आपले रफार, वेलांट्या आणि खालचे उकार मावत नाहीत, आणि ‘कर्तृत्व’सारख्या शब्दाला वरून आणि खालून दोन्हीकडून कात्री लागते, अक्षर ठळक केले की शिरोरेषा जाड होऊन मात्रा बुजतात, आणि ‘ल’ व ‘श’ यांची मराठी वळणे जाऊन हिंदी वळणे येतात, ही गोष्ट जाणकारांच्या डोळ्यांत खुपते. मुंबईच्या एक टाइप या मंडळींनी केलेला ‘मुक्त’ किंवा खास मराठी वळणाचा ‘टिरो देवनागरी मराठी’ हे फॉण्ट विनामूल्य मिळतात, हे फार थोड्या कचेऱ्यांना ठाऊक आहे. एका तयार साच्यात ओळींचे अंतर थोडे वाढवून हे फॉण्ट बसवून दिले, तर जिल्ह्याजिल्ह्यांतील शेकडो ऑपरेटरांचे श्रम वाचतील. हे काम कठीण नाही. कोणाचे तरी ते आहे असे ठरावयास हवे.

त्या ऑपरेटरचे मत कोण विचारतो? स्लाइड रचणारा हा या सर्व व्यवहारातला सर्वांत अनुभवी वापरकर्ता. बोधचिन्ह नीट बसवणे, चौकटी एका रेषेत आणणे, चारजणांनी चार रंगांत पाठवलेल्या तक्त्यांना एक रूप देणे, आणि मध्यरात्री फोनवरून आलेला बदल सकाळी नऊपूर्वी उरकणे, हे त्याचे काम. रंगीबेरंगी चलनक्रिया, फिरत येणारी अक्षरे, यांचे त्याला काडीचे कौतुक नसते. त्याला हवे असते ते मुख्य साच्यात एकदा बदल केला की सर्व पानांवर तो उतरावा, आणि दुसऱ्या मशीनवर काही हलू नये. आज्ञावली घडवणाऱ्यांनी जाहिरातीत ज्या गोष्टी मिरवाव्यात आणि हा ज्या गोष्टींना मोल देतो, त्यांत फार अंतर आहे.

ऐकणाराची बाजू शास्त्राने पुष्कळ तपासली आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांतून दिसून आले की, चित्राबरोबर तोंडी निवेदन ऐकू येत असताना तेच शब्द पडद्यावरही लिहिलेले असले तर शिकणाराला मदत होण्याऐवजी अडथळा होतो, कारण मनाची धारणशक्ती मर्यादित आणि एकच गोष्ट दोन वाटांनी आली की ती शक्ती दोहोंचा मेळ घालण्यात खर्ची पडते. पडद्यावरची वाक्ये मोठ्याने वाचून दाखवणारे वक्ते का कंटाळवाणे होतात, याचे कारण येथे मिळते. उलट जेथे चित्र हेच प्रमाण असते, तेथे स्लाइडवाचून गत्यंतर नाही. क्ष-किरणचित्र, पेशींचा छेद, शस्त्रक्रियेपूर्वीची आणि नंतरची अवस्था, इमारतीचा आराखडा, अजिंठ्याच्या भित्तिचित्राचा एखादा तपशील, हे शब्दांत सांगून भागत नाही. म्हणून डॉक्टर, वास्तुविशारद आणि कलेतिहासाचे अभ्यासक या साधनाविषयी जे कृतज्ञतेने बोलतात ते मनापासून बोलतात. कोडॅकने २००४ मध्ये स्लाइड प्रोजेक्टर बनवणे थांबवले तेव्हा त्यांच्यापैकी कित्येकांजवळ डबेच्या डबे भरून जुन्या स्लाइड्स होत्या, आणि त्या संगणकावर उतरवून घेण्यात त्यांची पुढली वर्षे गेली.

राहिला तो चौथा, दप्तर चाळणारा. मंत्रालयातील नस्तीत टिपण असते. विषयाची पार्श्वभूमी, लागू होणारा नियम, पूर्वीचे दाखले, पडणारा वित्तीय भार आणि शेवटी प्रस्ताव, असे ते सलग गद्यात चालते; कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव असे एकेक वर जाताना त्यावर शेरे आणि सह्या पडत जातात, आणि कोणी कोणत्या कारणाने काय म्हटले याची ती अखंड कैफियत असते. २००५च्या माहिती अधिकार कायद्याने सामान्य नागरिकालाही ती मागता येते. या पद्धतीत दिरंगाई आहे, शब्दजाल आहे, हे सर्व खरे. पण कारण आणि निर्णय यांची गाठ तिच्यात सुटत नाही. बैठकीतील पीपीटीचे तसे नाही. इतिवृत्तात पुष्कळदा ‘सविस्तर सादरीकरण करण्यात आले’ एवढे एक वाक्य येते, आणि ती फाइल ऑपरेटरच्या पेनड्राइव्हवर राहते. बदली झालेल्या अधिकाऱ्याच्या जागी आलेल्या माणसाला, किंवा धरणाखाली गेलेल्या जमिनीचा मोबदला कसा ठरला ते विचारणाऱ्या शेतकऱ्याला, ती पुढे मिळाली तरी तिच्यात सापडतात ते तुटक मुद्दे. ते ज्या बोलण्याने जोडलेले होते ते बोलणे कोठेही नोंदलेले नसते.

ॲमेझॉनचे संस्थापक जेफ बेझोस यांनी जून २००४ मध्ये आपल्या वरिष्ठ सहकाऱ्यांच्या बैठकीतून पॉवरपॉइंट बंद करविले आणि त्या जागी सहा पानांपर्यंतचे सलग टिपण आणण्याचा दंडक घातला. बैठकीच्या आरंभी सर्वांनी शांतपणे ते वाचावयाचे, मग चर्चा. या प्रयोगाची वाखाणणी जगभर झाली. आपल्या कचेऱ्यांत ज्यांनी टिपणे लिहून आयुष्य काढले त्यांना त्यात अपूर्व असे काही वाटणार नाही, परंतु टिपणे लिहिण्याची ती विद्या नव्या भरतीतल्या मंडळींना कोणी शिकवीत नाही, ही सेवानिवृत्त अधिकाऱ्यांकडून ऐकलेली तक्रार मात्र खरी आहे. सहा पाने नीट लिहावयास स्लाइड्सच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागतो. तेवढी मुदत वरिष्ठांनी द्यावी लागते, आणि बहुधा ती दिली जात नाही.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आली आहेत. मायक्रोसॉफ्टच्या कोपायलटला एखादा वर्ड दस्तऐवज दिला की त्यातून तो स्लाइड्स रचून देतो. नुसता विषय सांगितला तरीही रचून देतो. ज्यांनी दोन्ही करून पाहिले त्यांच्या मतांत जो फरक पडतो तो मोठा लक्षवेधी आहे. ज्याच्यापाशी आपला स्वतःचा लिहिलेला अहवाल होता, त्याला मुद्दे बहुतांशी आपले, ओळखीचे मिळाले, आणि कोपायलट चुकला तेथे त्याला मूळ कागदाशी रुजवात घालून ते दुरुस्त करता आले. ज्याने नुसता विषय सांगितला, त्याला सुबक चौकटींत, सुबक चित्रांसह, कोणत्याही जिल्ह्याला आणि कोणत्याही खात्याला चालेल असा मजकूर मिळाला. त्यात आपल्या तालुक्यातले काय आहे ते शोधण्यासाठी त्याला जुनी नस्ती मागवावी लागली.